बायोप्सीचा कागद आणि पुढच्या आठवड्याची तारीख

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ६६. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं, त्यासाठी दीड-दोन वर्षं एक गोळी घेतो. यंदाच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटकडून रक्तात येणारं प्रथिन) ६.८ आला. मग एमआरआय झाला. त्यात उजव्या बाजूला डाग दिसला, 'पायरॅड्स ४' असं लिहिलंय. प्रोस्टेटचं आकारमान ४८ सीसी. मग बायोप्सी. एकूण १५ तुकडे घेतले, चारांत कॅन्सर निघाला. डागातून घेतलेल्या तीनपैकी दोन तुकड्यांत ग्लीसन ३+४=७, 'पॅटर्न ४ : १० टक्के'. उजव्याच बाजूच्या आणखी दोन तुकड्यांत ३+३=६. खाली 'पेरीन्यूरल इन्व्हेजन आढळले' अशी ओळ आहे.

दहापैकी सात म्हणजे ७० टक्के पसरला का? आणि नसांत शिरला असेल तर आता उरलंय काय? माझे थोरले बंधू ह्याच आजाराने गेले. कळलं तेव्हा हाडांत पोचला होता. सर्जननी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे, रोबोटने ऑपरेशन. मुलगा म्हणतो, करून टाका. मित्र म्हणतो, रेडिएशन घे, चिरफाड नको. ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल. तेव्हापासून तर डोकंच चालेनासं झालंय. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो असंही ऐकलं. पत्नीला 'प्रोस्टेट वाढलंय, त्याचं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलंय. मुलगा ३८ वर्षांचा आहे, त्याने तपासणी करावी का?

— एक वाचक

उत्तर :

सातचं आधी सांगते. तो आकडा टक्केवारी नाही आणि त्याचा पसरण्याशी थेट संबंधही नाही. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. मायक्रोस्कोपखाली कॅन्सरची ठेवण कशी दिसते, एवढ्यावरून त्याने तिला १ ते ५ असे क्रमांक दिले. बायोप्सीत जी ठेवण सर्वांत जास्त दिसते तिचा क्रमांक पहिला, आणि उरलेल्यांत जी सर्वांत वाईट असेल तिचा दुसरा. दोन्हींची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर. आता गंमत अशी, की १ आणि २ हे क्रमांक बायोप्सीत आता कोणी देत नाही. त्यामुळे सर्वांत सौम्य कॅन्सरचाही स्कोअर ३+३, म्हणजे ६ येतो. मोजणी सहापासून सुरू होते आणि दहाला संपते, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. तो बिचारा सातला दहाने भागत बसतो. ह्याच गोंधळामुळे २०१४ साली तज्ज्ञांनी ह्या स्कोअरचे पाच गट केले. तुमच्या कागदावर कुठेतरी 'ग्रेड ग्रुप २' असं असेल, शोधा. पाचांतला दुसरा. बेरीज ७ असली तरी ४+३ तिसऱ्या गटात जातो आणि त्याचं वागणं वेगळं असतं, म्हणून कोणाला फोनवर सांगताना नुसतं 'सात' सांगू नका, 'तीन अधिक चार' सांगा.

मी पॅथॉलॉजिस्ट; माझं आयुष्य मायक्रोस्कोपखाली अशाच काचा, म्हणजे स्लाइड, बघण्यात गेलं, तेव्हा तुमच्या काचेवर काय दिसलं असेल तेही सांगते. सुईतून निघालेला एकेक तुकडा दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब, जाडीला मिलिमीटरभरही नाही. तो मेणात बसवतात, त्याच्या काही मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. निरोगी प्रोस्टेटमधल्या ग्रंथींना पेशींचे दोन थर असतात. कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो. तीन नंबरच्या ठेवणीत ग्रंथी लहान आणि दाटीवाटीच्या असल्या तरी प्रत्येक सुटी असते, मधली पोकळी दिसते. एकेक मोजता येते. चार नंबरमध्ये त्या एकमेकींत मिसळतात, पोकळ्या बुजतात, कधी चाळणीसारखी भोकं दिसतात. पाच नंबरमध्ये ग्रंथी बनवणंच पेशी विसरतात, सुट्या-सुट्या विखुरलेल्या सापडतात. तुमच्या डागातल्या दोन तुकड्यांत जो कॅन्सर आहे त्यातला ९० टक्के तीन नंबरचा आणि १० टक्के चार नंबरचा. पाच नंबर कुठेच नाही.

आणि इथेच माझी पहिली सूचना. तीन आणि चार यांच्यामधली रेषा डोळ्यांनी ठरवायची असते. ग्रंथी तिरकी कापली गेली तर सुटी असूनही मिसळलेली भासते. दहा टक्क्यांसारख्या थोड्या प्रमाणात तर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होतंच असं नाही. एकजण ३+३ म्हणेल, दुसरा ३+४, क्वचित तिसरा ४ चं प्रमाण वाढवून सांगेल. म्हणून काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि प्रोस्टेटच्या बायोप्स्या नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. ब्लॉक लॅब जपून ठेवते आणि असे मागायला कोणाचा अपमान होत नाही. मला कित्येकदा मागितले गेलेत आणि मीही इतरांकडे पाठवलेत. पाठवताना दोन गोष्टी नेमक्या विचारा. चार नंबरचं प्रमाण खरोखर किती आहे? आणि त्यात चाळणीसारखी, म्हणजे 'क्रिब्रिफॉर्म', ठेवण किंवा 'इंट्राडक्टल', म्हणजे नलिकांच्या आत वाढणारा, कॅन्सर आहे का? चाळणी किंवा इंट्राडक्टल यांतलं एक जरी असलं तर आजार आकड्यापेक्षा खट्याळ निघतो आणि नुसतं लक्ष ठेवण्याचा पर्याय बहुधा मागे पडतो.

'पेरीन्यूरल इन्व्हेजन' वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार. प्रोस्टेटच्या आतच बारीक-बारीक नसांचं जाळं असतं. कॅन्सरच्या ग्रंथी त्यांतल्या एखाद्या नसेला वेढून बसलेल्या दिसल्या, एवढाच त्या ओळीचा अर्थ. मणका, मेंदू, पायाच्या नसा यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही. बायोप्सीत हे बऱ्याचदा दिसतं. त्यावरून प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर पडण्याची शक्यता जराशी वाढते, म्हणून सर्जन आणि रेडिएशनवाले त्याची नोंद घेतात, पण तेवढ्या एका ओळीवर उपचार ठरत नाही.

मुळात 'पसरला का' ह्या प्रश्नाचं उत्तर बायोप्सीच्या कागदात शोधायचंच नसतं. ते एमआरआयच्या अहवालात असतं. त्यात डाग आवरणाला नुसता टेकलाय की बाहेर आलाय, मागच्या वीर्यकोशांत शिरलाय का, जवळच्या लसिका ग्रंथी मोठ्या दिसतात का, ओटीपोटाच्या हाडांबद्दल काय म्हटलंय, ह्या चार ओळी शोधा. तुम्ही फक्त 'पायरॅड्स ४' एवढंच लिहिलंय. तो आकडा डाग कॅन्सरचा असण्याची शंका किती, हे सांगतो. बायोप्सी झाल्यावर त्याचं काम संपलं.

चार तुकड्यांचा हिशोबही जरा नीट मांडू. डागातून तीन तुकडे घेतले. एकाच डागात तीनदा सुई घातली तर तिथे दोनदा कॅन्सर सापडणं ह्यात नवल ते काय! म्हणून एका डागातले सगळे तुकडे मिळून एकच धरायचा संकेत आहे. म्हणजे उरलेले बारा आणि हा एक असे तेरा. त्यांतले तीन बाधित, सगळे उजवीकडचे. निम्म्याहून बरेच कमी. पीएसए दहाच्या आत, डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासलं तेव्हा गाठ लागलेली नसेल तर टप्पा 'टी१सी' (नुसत्या बायोप्सीत सापडलेला), ग्रेड ग्रुप २. एवढं धरून चाललं तर तुमचा आजार मध्यम जोखमीच्या गटात, त्यातही बऱ्या अर्ध्यात बसतो. ह्या गटात हाडांचा स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन (अंगभर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर शोधणारा) सहसा लागत नाही.

पण एक गोष्ट मला सतावतेय. लघवीसाठी दीड-दोन वर्षं 'एक गोळी' घेता असं लिहिलंत, नाव नाही लिहिलंत. आत्ता उठा आणि पाकीट बघा. नुसतं टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन किंवा सिलोडोसिन असेल तर निश्चिंत राहा. त्या गोळ्या मार्ग सैल करतात, पीएसएला हात लावत नाहीत. पण ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, आणि पुष्कळदा ते टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत असतं, तर गोष्ट निराळी. ही औषधं सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे तुमचा ६.८ हा खरं तर १३-१४ समजायचा. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हेच लागू पडतं, आणि ते तर डॉक्टरांना सांगतच नाहीत.

ह्याने किती फरक पडतो बघा. ६.८ ला प्रोस्टेटच्या आकारमानाने, म्हणजे ४८ ने, भागलं तर पीएसएची घनता ०.१४ येते, ०.१५ च्या खाली. बरी म्हणायची. आकडा दुप्पट केला की तीच ०.२८. जोखमीची एक खूण, ग्रेड ग्रुप २, आधीच आहे; पीएसए दहाच्या वर गेला की दुसरी पडते आणि तुम्ही मध्यम गटाच्या बऱ्या अर्ध्यातून वाईट अर्ध्यात जाता. मग स्कॅनचा विचार करावा लागतो. रेडिएशन घ्यायचं ठरलं तर त्याबरोबर चार ते सहा महिने पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन लागू शकतं. एका गोळीच्या नावावर एवढं अडलंय. सर्जननी ते विचारलं असेलही, पण तुम्ही स्वतः सांगा. आणि खात्री करायला म्हणून आत्ता पुन्हा पीएसए करू नका. बायोप्सीनंतर काही आठवडे तो उगाच वाढलेला दिसतो आणि झोप उडते.

आता तारखेचं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करायची वैद्यकीय निकड तुमच्या कागदात मला कुठे दिसत नाही. हा कॅन्सर वर्षांच्या हिशोबाने वाढतो. दोन-तीन महिने समजून घेण्यात गेले तर तुमच्या गटात निकालात फरक पडत नाही. उलट बायोप्सीनंतर आतली सूज उतरायला साधारण चार ते सहा आठवडे जाऊ दिले तर सर्जनलाही काम सोपं जातं. 'मला अजून दोन जणांचं ऐकायचंय, तारीख महिन्याभराने द्या,' एवढं सांगितलं तर कोणी रागावत नाही. रागावलंच तर मी सर्जन बदलेन, पण हे माझं मत.

तुम्हाला तिघांनी तीन वेगळे सल्ले दिले आणि तुम्हाला वाटलं, त्यांतला कोणीतरी एकच बरोबर असणार. तसं नाही. ब्रिटनमध्ये ह्यावर एक मोठा अभ्यास झाला, 'प्रोटेक्ट' नावाचा. १९९९ ते २००९ ह्या काळात, प्रोस्टेटपुरताच आजार असलेल्या ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना नशिबावर सोडून तीन गटांत वाटलं. एका गटावर लक्ष ठेवलं, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचे आकडे २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले एकूण ४५, म्हणजे २.७ टक्के. लक्ष ठेवलेल्यांत ३.१, ऑपरेशनवाल्यांत २.२, रेडिएशनवाल्यांत २.९. हा फरक योगायोगात मोडतो. दुसऱ्या कारणांनी गेलेले त्याच्या कितीतरी पट. मात्र आजार दूरवर पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के होतं आणि उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत पाचाच्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी साधारण ६१ टक्के लोकांनी ह्या पंधरा वर्षांत कधी ना कधी उपचार घेतलाच.

हे आकडे तुमच्यावर जसेच्या तसे लावू नका. त्या लोकांत तीन चतुर्थांशांहून जास्त ग्लीसन ६ चे होते, म्हणजे तुम्ही त्यांच्या सरासरीपेक्षा एक पायरी वर आहात. दुसऱ्या बाजूने, तेव्हाचं लक्ष ठेवणं मुख्यतः पीएसएवर चालायचं, एमआरआय नव्हता. आता ते पुष्कळ काटेकोर झालंय : दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, आणि पहिल्या वर्षभरात पुन्हा एक बायोप्सी. चार नंबरचं प्रमाण वाढलं की उपचार सुरू. ज्यांना 'लक्ष ठेवणं' म्हणजे फाइल कपाटात टाकणं वाटतं त्यांच्यासाठी हा पर्याय नाही. दर सहा महिन्यांनी निकालाची वाट बघताना तुमची झोप उडणार असेल तरीही नाही.

माझा कौल विचाराल तर असा. गोळी ड्युटास्टेराइडची नसेल, दुसऱ्या वाचनातही चार नंबर दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला आणि चाळणी दिसली नाही, तर तिन्ही वाटा खुल्या आहेत. ह्यांतलं काहीही वेगळं निघालं तर लक्ष ठेवणं मी यादीतून काढेन आणि ऑपरेशन की रेडिएशन एवढाच प्रश्न ठेवेन. तुमच्या भावामुळे तिसरी एक अट घालते, ती शेवटी सांगते.

ऑपरेशन आणि रेडिएशन यांतून निवडताना, कॅन्सरला कुठला उपचार जास्त मारतो हे विचारण्यात आता फारसा अर्थ उरत नाही. कुठला त्रास तुम्हाला जास्त परवडेल ते बघायचं. आणि ह्यावर पुरुष बोलत नाहीत. ओपीडीत मुलगा शेजारी बसलेला असतो, मग 'बाकी सगळं ठीक' म्हणून उठतात. तुम्हीही पत्रात चकार शब्द काढलेला नाही, म्हणून मीच काढते.

ऑपरेशननंतर आठवडाभर किंवा त्याहून जरा जास्त लघवीची नळी असते. ती काढल्यावर पहिले काही महिने खोकताना, उठताना, ओझं उचलताना लघवी गळते. त्याच ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशनवाल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनी पॅड वापरत होते आणि सहा वर्षांनी १७ टक्के. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले तर सावरायला मदत होते. नंतर शिकू म्हटलं की राहतं. ताठरतेचं चित्र जास्त कडू आहे. सुरुवातीला साधारण ६७ टक्के लोकांना संबंधापुरती ताठरता येत होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत ती १२ टक्क्यांवर आली, रेडिएशनवाल्यांत २२, लक्ष ठेवलेल्यांत ५२. पुढे ऑपरेशनवाल्यांत थोडी सुधारणा झाली, बाकीच्यांत वयाबरोबर घसरण. मधुमेह असलेल्यांच्या नसा आणि रक्तवाहिन्या आधीच दमलेल्या असतात, त्यामुळे तुम्ही ह्या आकड्यांहून जास्त आशा धरू नये असं मला वाटतं. नसा वाचवून ऑपरेशन करता येतं. तुमची डावी बाजू कोरी आहे, तिकडची नस पूर्ण वाचवता यावी. उजवीकडे डाग आवरणाला किती चिकटलाय त्यावर ठरेल. हे सर्जनना ह्याच शब्दांत विचारा. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, पण कामसुखाची भावना राहू शकते, हेही आधीच कळलेलं बरं.

रोबोटबद्दल थोडक्यात. रक्त कमी जातं, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण ऑस्ट्रेलियात उघडं ऑपरेशन आणि रोबोटचं ऑपरेशन यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा, लघवीचा ताबा आणि ताठरता यांत दोन वर्षांनी दखल घेण्यासारखा फरक नव्हता. हात महत्त्वाचा, यंत्र नाही. तेव्हा वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी वर्षानंतर किती जण पॅड वापरतात, हे प्रश्न सर्जनला विचारायचे. दुसऱ्यांचे छापील आकडे सांगू लागले तर प्रश्न पुन्हा विचारा.

रेडिएशनमध्ये चिरफाड नाही, नळी नाही. साधारण चार आठवड्यांत वीस बैठका, काही ठिकाणी फक्त पाच मोठ्या बैठकांत. प्रत्येक बैठकीला मूत्राशय ठरल्याप्रमाणे भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं, ह्याचा लोकांना सर्वांत जास्त कंटाळा येतो. त्या काळात आणि पुढे काही आठवडे लघवीला वारंवार आणि घाईने जावं लागतं, जळजळ होते. शौचाची घाई होते, थोड्यांना पुढे शौचावाटे रक्त जातं. ताठरता हळूहळू, वर्षां-दोन वर्षांत कमी होते. तुम्हाला आधीच रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून रेडिएशन ठरवण्याआधी लघवीची धार मोजायची तपासणी आणि लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते त्याची सोनोग्राफी करून घ्या. धार फार बारीक असेल, लघवी बरीच उरत असेल, तर रेडिएशन तुम्हाला जास्त छळेल आणि तराजू ऑपरेशनकडे झुकेल. एकाच ऑपरेशनात अडथळाही जातो. धार बरी असेल तर मित्राचं म्हणणं काही वावगं नाही.

आणखी एक फरक पुढच्या काळाचा आहे. ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे चढू लागला तर त्या जागी रेडिएशन देता येतं. रेडिएशननंतर तो सावकाश, वर्षभर-दोन वर्षं उतरत राहतो, मध्येच थोडा उसळतोही. तिथे पुन्हा आजार आला तर ऑपरेशन शक्य असलं तरी अवघड होतं आणि फार थोडे सर्जन ते करतात. काही जण एवढ्याच मुद्द्यावर ऑपरेशन निवडतात. तुमच्या गटात दोन्हींनी बरं होण्याची शक्यता इतकी चांगली आहे, की मी ह्या मुद्द्याला दुसऱ्या नंबरवर ठेवेन, लघवीच्या धारेच्या खाली.

हे सगळं सर्जनकडून ऐकून भागत नाही. सर्जन ऑपरेशनचं सांगणार, ते त्याचं काम. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टची स्वतंत्र वेळ घ्या आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारा : 'तुमचा उपचार मी नाही घेतला तर माझं काय बिघडेल?' दोन्ही उत्तरं घरी आल्यावर लिहून ठेवा.

त्या वेळी खोलीत पत्नी हवी. तुम्ही त्यांना प्रोस्टेट वाढल्याचं ऑपरेशन सांगितलंय. तो घरोघरचा आजार आहे, दोन दिवसांत माणूस घरी येतो. त्या तसंच धरून बसतील आणि तुम्ही नळी, पॅड आणि कागदांची जाड फाइल घेऊन याल. मग फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्या वाचतीलच. शिवाय वर जे सगळं सांगितलं त्यातलं निम्मं त्यांच्याही आयुष्याबद्दल आहे. त्यात त्यांना काय चालेल, काय नाही, हे मुलगा ठरवणार का? आज संध्याकाळी सांगा. 'कॅन्सर आहे, प्रोस्टेटमध्येच असावा, घाई नाही, तीन वाटा आहेत, तू बरोबर ये,' एवढ्या पाच गोष्टी पुरे. भावजींचं त्यांनी पाहिलेलं असणार, तेव्हा पहिला प्रश्न त्याच वाटेने येईल. तुमच्या भावाचा आजार हाडांत पोचल्यावर कळला, तुमचा एका तपासणीत सापडला आणि अजून त्याने तुम्हाला काही जाणवूही दिलेलं नाही. रात्रीचं उठणं बहुतेक प्रोस्टेटच्या साध्या वाढीचं आहे, कॅन्सरचं नाही.

सुईने पसरतो ही भीती सोडून द्या. प्रोस्टेटच्या बायोप्सीत असं घडल्याची उदाहरणं इतकी विरळा आहेत, की त्यावरून कोणी काही ठरवत नाही. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे तांबूस रंग दिसला तर तोही सुईचाच. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. मधुमेह्यांत जंतुसंसर्ग पटकन वाढतो.

राहिली भावामुळे घातलेली अट. सख्खा भाऊ ह्या आजाराने गेला असेल तर काही घराण्यांत बीआरसीए२ सारख्या जनुकातला दोष असू शकतो. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला होता का, आठवा. विशेषतः असं काही असेल तर उपचार ठरवण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. रक्ताची किंवा लाळेची एक तपासणी असते. बीआरसीए२ चा दोष निघाला तर लक्ष ठेवण्याचा पर्याय मी तुम्हाला सुचवणार नाही, कारण त्यात आजार लवकर उग्र होतो. निकाल यायला काही आठवडे लागतात, म्हणून ही भेट आधी घ्या, काचांचं दुसरं वाचन तेवढ्यात होऊन जाईल.

मुलाचं उत्तर ह्याच तपासणीला जोडलेलं आहे. तुमच्यात दोष सापडला तर त्यालाही ती करता येईल. मुलगी असेल तर तिलाही, तिच्यासाठी तर ती जास्तच महत्त्वाची. नाही सापडला तरी वडील आणि काका दोघांना हा आजार म्हणजे त्याची जोखीम इतरांहून जास्तच. आत्ता ३८ व्या वर्षी काही करायला नको. चाळिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान पहिला पीएसए करावा आणि आकडा जपून ठेवावा, पुढचं अंतर त्या आकड्यावरून ठरतं. करताना डॉक्टरांना तुम्हा दोघांचंही सांगायला सांगा, काका कितव्या वर्षी गेले तेही. नाहीतर त्या वयात पीएसए कशाला म्हणून त्याला परत पाठवतील.